पाखरं काय बाई-माणूस पाहून बसतेत?

प्रश्न : आम्ही अकोल्यातली काही मंडळी रविवारी पहाटे पक्षी पाहायला निघतो. कधी कापशी तलाव, कधी काटेपूर्णा. आमच्यासोबत चार-पाच ताईही यायच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आपला वेगळा गट काढला, फक्त महिलांचा. आता त्यांच्या फेरीला पुरुषांना प्रवेश नाही. आम्ही त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. उलट दुर्बिणी दिल्या, नावं शिकवली. मला हे पटत नाही. पाखरं काय बाई-माणूस पाहून बसतेत काय? आणि 'फक्त पुरुषांसाठी' असा गट आम्ही काढला असता, तर गावानं आमची काय गत केली असती?
— एक पक्षीमित्र, जठारपेठ, अकोला

उत्तर : भाऊ, ताईंनी वेगळा गट काढला यात तुमच्यावर अन्याय झाला, असं मला वाटत नाही. पण तुमचा शेवटचा सवाल हसून उडवण्यासारखा नाही. तो बहुतेक जण चिडून विचारतात आणि त्याला उत्तरही चिडूनच मिळतं. म्हणून आधी तोच घेतो.

'फक्त पुरुषांसाठी' अशी पाटी वऱ्हाडात कुणी लावत नाही, कारण तिची गरजच पडत नाही. रात्री दहा वाजता आमच्या अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या पानठेल्यावर क्रिकेटचा काथ्याकूट चालतो, तिथे कुण्या बाईला मज्जाव नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडींच्या मंडळांनी बायकांविरुद्ध ठराव केलेला नाही. तरी बैठकीला कोण बसतं, कावड सजवायला रात्र रात्र कोण जागतं आणि खांदा बहुतेक कुणाचा असतो, हे अकोलेकराला सांगायला नको. पाटी नसली म्हणजे जागा सगळ्यांची झाली, असं होत नाही. बायकांच्या गटाची पाटी आपल्या डोळ्यांवर येते, कारण त्यांना ती लिहावी लागते.

आणि जिथे खरोखर नियम करून बायकांना बाहेर ठेवलं होतं, तिथे काय झालं? उदाहरण तुमच्याच छंदातलं आहे. 'ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन' ही पक्षी-अभ्यासकांची संस्था १८५८ सालची. बंदुकीनं पक्षी पाडायचे, कातडी भरून ठेवायची, अंडी जमवायची, असा तेव्हाचा अभ्यास. सभासद सगळे पुरुष. त्याच काळात बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसं खोवायची फॅशन होती आणि तिच्यापायी पक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती साफ होत होत्या. मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन या बाईंनी १८८९ मध्ये आपल्या घरी मैत्रिणी जमवून पक्षीरक्षणाचा गट काढला. सगळ्या बायकाच. खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांची सोडून बाकी पिसं अंगावर घालायची नाहीत, अशी त्यांची शपथ. शहामृगाला तेवढी सूट होती, फॅशन अगदीच सुटत नव्हती म्हणा ना! १९०४ मध्ये त्या संस्थेला राजाची सनद मिळाली. तीच आजची आरएसपीबी, दहा लाखांहून जास्त सभासदांची, अर्थात स्त्री-पुरुष दोघांची. युनियननं बायकांना घेतलं ते १९०९ साली, म्हणजे बाहेर राहिलेल्या बायकांचं काम राजमान्य झाल्यावर पाच वर्षांनी.

तुम्ही म्हणाल, आमचं दार कुठं बंद होतं? ते उघडंच होतं, मान्य. मग उघड्या दारातून त्या बाहेर का पडल्या, हे त्यांना विचारलंत का? पत्रात तसं दिसत नाही. मी त्या ताईंना ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या वतीनं बोलणार नाही. पण असे गट निघतात तेव्हा बायका जे सांगतात, ते एकसारखं असतं आणि त्यात पक्ष्यांबद्दलची तक्रार क्वचितच असते.

तलावाकाठी तीन-चार तास जातात. पुरुष बाभळीच्या आडोशाला जाऊन येतो. बाई आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते, आणि ते कुणाला सांगतही नाही. पहाटे पाचला निघायचं तर कुणाच्या गाडीवर बसायचं, हा हिशोब तिला करावा लागतो, तुम्हाला नाही. घरी 'सोबत कोण कोण आहे?' ही विचारपूस होते. मग काठावर पोचल्यावर ज्याची लेन्स मोठी, तो पुढे उभा राहतो. पिवळा धोबी की करडा धोबी, हे ठरवायला बाईनं दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत दोघांनी नाव सांगून टाकलेलं असतं. शिकवण्याच्या हौसेनंच सांगितलेलं असतं, वाईट हेतू नसतो. पण ओळख चुकण्याची, चुकून परत पाहण्याची संधी गेली की पक्षीनिरीक्षणातलं उरतं काय? 'नावं शिकवली' असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी जरा थबकलो, एवढंच सांगतो.

याहून ठळक उदाहरण मेळघाटचं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजायचा तो निसर्गानुभव आपल्याकडच्या जंगलवेड्यांना दिवाळीपेक्षा मोठा. नोंदणी सगळ्यांना खुली. पण अनोळखी माणसांसोबत रात्रभर एका मचाणावर बसायला घरून निघणारी बाई किती? नियम सारखा असतो आणि एकटी मुलगी नाव नोंदवता नोंदवता थांबते. दोन मैत्रिणी मिळून गेल्या तर जातात. ताईंच्या गटासारखे गट हे मैत्रिणी मिळवून देण्याचं काम करतात.

आता त्यांच्या बाजूची एक कच्ची जागाही सांगतो, कारण गुळगुळीत बोलून तुमचं समाधान होणार नाही. 'आम्ही बायकाच आहोत' हे वाक्य घरी परवान्यासारखं चालतं. त्या परवान्यावर बाई जंगलात पोचते हे खरं. पण बाईनं कुणासोबत जावं हे घरानं ठरवायचं, तो नियम जागचा हलत नाही. किंबहुना असा गट त्याच नियमाच्या सावलीत उभा असतो. आज मला हा तोटा फायद्यापेक्षा लहान वाटतो. दहा वर्षांनीही परवाना तोच लागत असेल, तर मी असं म्हणणार नाही.

आणि जागा फक्त बायकांची झाली की बोलणंही बदलतं. हे आपल्याकडे नवं नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या घरांत भुलाबाई बसते. पोरी, माहेरवाशिणी फेर धरून गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासू, सासरा, दीर, नणंद सगळे येतात आणि कुणाचीच धडगत नसते. सासरा समोर बसला असता तर ती गाणी तशी झाली असती का? जात्यावरच्या ओव्यांचंही तेच, पुरुष झोपेत असतानाची ती पहाट होती म्हणून बाईला मन मोकळं करता आलं. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरेतला बाईचा हा आवाज आयुष्यभर अभ्यासला आणि २०२५ च्या दिल्लीतल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. पुरुष नसलेल्या जागेत जे तयार झालं, ते शेवटी सगळ्या मराठीचं झालं. भुलाबाईबद्दल पोट्ट्यांनी कधी अन्यायाची तक्रार केलेली ऐकिवात नाही. त्यांचं लक्ष खिरापतीवर.

मग अन्याय केव्हा होतो? वेगळी खोली सोयीची असते, पण बाईला तेवढीच एक खोली दिली की ती अडगळ होते. बुद्धिबळात हे लख्ख दिसतं. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरनं जिंकली. दोनच वर्षांनी तिची धाकटी बहीण रोहिणी, वय १३, थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. गदारोळ झाला. तुमची वेगळी स्पर्धा आहे ना, मग इकडे कशाला, हाच आक्षेप. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला बाई म्हणून वगळता येणार नाही. रोहिणीला महिलांची स्पर्धा बंद करायची नव्हती. ती स्पर्धा तिला कुंपण म्हणून नको होती.

त्यानंतर अर्धशतकानं आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर, अठरा वर्षांच्या या मुलीनं जाहीरपणे लिहिलं, की लोक तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलत होते. आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला तिनं महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून. त्या एका विजयानं तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला, नेहमीचे नॉर्म, म्हणजे एकेका स्पर्धेतून गाठायचे निकष, पूर्ण न करता. इथे पुन्हा कुरकुर ऐकू आली. आमच्या अमरावतीच्या स्वप्नील धोपाडेला एकेक नॉर्म जमवावा लागला आणि हिला बायकांच्या स्पर्धेतून सरळ? आक्षेपात तथ्य शोधायचंच, तर हेही बघावं, की थेट किताबाची वाट जागतिक ज्युनिअर आणि पन्नाशीपुढच्या ज्येष्ठांच्या जगज्जेतेपदालाही आहे. ज्येष्ठांच्या किताबावर पारावर वाद झालेला मी ऐकला नाही. बुद्धिबळात आज जिला खुली स्पर्धा म्हणतात, ती पुरुषांची नसून सगळ्यांची असते, आणि बायकांची स्पर्धा तिच्या जोडीला असते. मला ही मांडणी रास्त वाटते.

तुमच्या ताईंच्या गटालाही हेच माप लावा. त्या तुमच्या मिश्र गटात यायच्या बंद झाल्या, की दोन्हीकडे येतात? त्या पक्ष्यांच्या नोंदी आपल्यापाशीच ठेवतात, की ई-बर्डसारख्या सगळ्यांच्या वहीत टाकतात? काटेपूर्णेत एखादी दुर्मीळ जात दिसली आणि ती फक्त बायकांनाच सांगितली, तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. रानपिंगळा ११३ वर्षांनी १९९७ मध्ये शहाद्याकडे पुन्हा दिसला. त्या चमूत पामेला रासमुसेन ही बाई होती आणि दोन पुरुष होते. बातमी जगाला मिळाली, म्हणून पुढे मेळघाटातही लोकांनी तो शोधला.

पैशाचा आणि परवानगीचा मुद्दा वेगळा. सार्वजनिक करमणुकीच्या जागा, आणि सरकारी खर्चानं चालणारे घाट, तलाव, रस्ते यांत लिंगावरून कुणाला अडवता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम १५ (२) मध्ये आहे. त्याच कलमाचा तिसरा भाग शासनाला स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करू देतो. जळगाव नगरपालिकेतल्या महिलांच्या राखीव जागा याच आधारावर मुंबई हायकोर्टानं १९५३ मध्ये उचलून धरल्या होत्या. आणि चार मैत्रिणींनी मिळून गट काढणं हे कलम १९ मधलं संघटनेचं स्वातंत्र्य आहे. तेव्हा रविवारी सकाळी कापशीच्या काठावर त्यांना तुम्हाला 'जा' म्हणता येणार नाही. 'आमच्यासोबत येऊ नका' म्हणता येईल. वनखात्यानं एखाद्या दिवसाचे सगळेच परवाने एका गटाला दिले, किंवा महापालिकेच्या पैशातून घेतलेल्या दुर्बिणी एकाच कपाटात राहिल्या, तर तो मात्र हक्काचा प्रश्न. पोहण्याच्या तलावावर महिलांची वेगळी बॅच असते तीही मला रास्त वाटते, फक्त ती अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी ठेवून उपकार केल्याचा आव आणू नये.

पैसे घेऊन दार अडवण्याचा एक खटला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात गाजला. होबार्टच्या 'मोना' या कलासंग्रहालयात कर्शा केशेले या कलावतीनं फक्त स्त्रियांसाठी एक दालन मांडलं होतं. एका पुरुषानं पूर्ण तिकीट काढलं आणि त्याला दारातच अडवलं. तो लवादात गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये जिंकला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पैसे सगळ्याचे घेतले आणि दाखवलं अर्धंच. सप्टेंबरमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला, बायकांनी सोसलेल्या वगळण्याची जाणीव करून देणारी ती कलाकृती कायद्याच्या अपवादात बसते, म्हणून. मधल्या काळात बाईंनी दालनातली 'पिकासो'ची चित्रं बायकांच्या स्वच्छतागृहात टांगली आणि पुढे स्वतःच जाहीर केलं, की ती आपणच रंगवलेली नक्कल होती. त्या गृहस्थाचं नेमकं काय हुकलं होतं, हा वादही तिथेच बसला.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत, आणि मला ती तुमच्या तक्रारीपेक्षा जड वाटते. बायकांच्या त्या गटात कोणत्या बायका आहेत? हळदीकुंकू हा आपला जुना 'फक्त महिलांसाठी' कार्यक्रम, आणि त्यातून विधवेला पिढ्यान् पिढ्या बायकांनीच बाहेर ठेवलं. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं केला, तो मे २०२२ मध्ये! १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा जेवणाच्या वेळी जाईबाई चौधरी यांना दलित म्हणून वेगळं बसवलं गेलं. सगळ्या बायकाच, तरी पंगत वेगळी. पुढे २० जुलै १९४२ ला नागपुरातच दलित महिलांची स्वतंत्र अखिल भारतीय परिषद झाली. बाबासाहेबांनी तिच्यापुढे भाषण केलं, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आजच्या छंदाच्या गटांत कुणी कुणाला वेगळं बसवत नसेल. पण महागडा कॅमेरा, चारचाकी आणि रविवारी सकाळी स्वयंपाकातून सुट्टी असलेल्या चौघींचाच गट होत असेल, तर तो पुरुषांना बंद आहे यापेक्षा धुणीभांडी करणाऱ्या मावशीच्या पक्षीवेड्या मुलीला बंद आहे, ही मोठी गोष्ट. हे मात्र ताईंना विचारायला हवं, आणि ते तुम्ही विचारण्यापेक्षा त्यांनीच एकमेकींना विचारलं तर बरं.

तुम्हाला करण्यासारखं एक आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्यामधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात दोन्ही गटांची एकत्र गणना ठेवा. आडोशाची सोय आधी बघा. आणि धोबी दिसला की मोजून एक मिनिट तोंड बंद ठेवा.

प्रश्न : आमचा महिलांचा सायकल गट आहे, छत्री तलावाकडे जातो. एका मैत्रिणीचे यजमान 'सुरक्षेसाठी' रोज मागून स्कूटरवर येतात. त्यांना कसं सांगावं? दुसरी तिच्या तेरा वर्षांच्या मुलाला आणू म्हणते.
— एक वाचक भगिनी, अमरावती

उत्तर : यजमानांना मैत्रिणीनंच सांगायला हवं, गटानं नाही. फारच काळजी वाटत असेल, तर परतीच्या वेळी शेवटच्या थांब्यावर सगळ्यांसाठी गिला वडा घेऊन या म्हणावं. काळजी खरी असेल तर येतील. मुलाचं म्हणाल, तर वय आधीच ठरवून ठेवा आणि ते सगळ्यांच्या मुलांना सारखं लावा, म्हणजे कुणाच्या पोराची चर्चा होत नाही. रेल्वेनं महिलांच्या डब्यासाठी बारा वर्षांखालचा मुलगा चालेल असं ठरवलं आहे. तेरावं लागलेल्या मुलाला तसंही आईच्या मैत्रिणींसोबत सायकल चालवायची हौस नसते, एकदा त्यालाच विचारून बघा.

प्रश्न : आमच्या महिला खंजेरी भजन मंडळात एका तृतीयपंथी बाईंना यायचं आहे. त्या स्वतःला स्त्री मानतात, आवाज गोड आहे, हातही बसलेला आहे. काही जणी नाही म्हणतात. नियम काय?
— एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मान्य केला आहे आणि २०१९ चा कायदाही आहे. पण तुम्हाला कोर्टापर्यंत जायची गरज नाही. तुमचं मंडळ भेद न मानणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन म्हणतं ना? मग या बाईंना घ्या. ज्या नाही म्हणतात, त्यांच्याशेजारीच पहिल्या दिवशी बसवा, म्हणजे ठेका जुळवावा लागेल.